पोटाखालचं साल

मे महिन्यात आमच्या कपाटातला ॲलोसॉरस, खेळण्यातला डायनासोर, झुकतो. दुपारी पश्चिमेच्या खिडकीतलं ऊन काचेवर येतं, आतली हवा तापते, आणि दोन बारीक घोट्यांवर सगळा भार तोलून उभं असलेलं ते पीव्हीसीचं जनावर रोज थोडं थोडं नाकाकडे कलत जातं. एका सकाळी पाहावं तर समोरच्या स्टेगोसॉरसच्या पाठीवर कपाळ टेकून उभं. मग गॅसवर पातेलं चढतं. पाणी खळखळ उकळू द्यायचं नाही. तळाशी बुडबुडे धरले की गॅस बंद. अंगाला फडकं गुंडाळायचं, म्हणजे रंगाला बोटं लागत नाहीत, आणि फक्त पाय पाण्यात सोडायचे. अर्ध्या मिनिटात घोटा मऊ पडतो. तो हलकेच मागे घ्यायचा, जेवढा हवा त्याच्याहून किंचित जास्त, कारण हात सोडला की तो पुन्हा पुढे येतो. तसाच धरून शेजारच्या पातेल्यातल्या बर्फाच्या पाण्यात बुडवायचा आणि मिनिटभर धीर धरायचा. एवढं झालं की त्याला ओट्यावर उताणा ठेवते आणि पोट पुसते. पोटाखाली बारीक अक्षरांत नाव, कंपनी आणि एक साल कोरलेलं असतं.

ते साल मला फार महत्त्वाचं वाटतं. घरी येणारे लोक कपाट पाहतात आणि विचारतात, यांची मांडणी कशी केलीय? मोठे मागे, लहान पुढे? मांसाहारी एकीकडे? तसं काहीच नाही. वरच्या खणात जुने, खालच्या खणात नवे, आणि जुनं-नवं ठरतं ते पोटाखालच्या सालावरून. तो प्राणी किती कोटी वर्षांपूर्वी जगला याचा त्याच्याशी संबंध नाही. तो प्राणी असा असेल असं माणसाला कधी वाटलं, त्याचं ते साल आहे.

या नादाची सुरुवात मात्र एका बैलापासून झाली. मी मूळची वरोऱ्याची, चंद्रपूर जिल्ह्यातली. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो, मुलांचा पोळा. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून तो चालत आला आहे. लाकडाचा नंदी सजवायचा, चाकांवर ओढत घरोघर न्यायचा आणि बोजारा, म्हणजे सणाचा खाऊ किंवा पैसे, मागायचा. माझा नंदी बाबांनी नागपूरहून आणला होता, वीतभर उंचीचा, सागवानी. मैत्रिणींच्या नंदींना वशिंड म्हणजे पाठीवर ठेवलेला एक गोळा होता. माझ्या नंदीचं वशिंड डावीकडे जरासं कललेलं. लहानपणी मला तो दोष वाटायचा. एकदा बाबांनी रस्त्यावरून चाललेल्या बंडीचा बैल दाखवला आणि म्हणाले, "वशिंडाकडे पाह्य." पाहिलं, तर बैलाच्या प्रत्येक पावलागणिक ते वशिंड एका अंगाला लोळत होतं. नंदी घडवणाऱ्या सुताराने बैल नुसता पाहिला नव्हता, चालताना पाहिला होता.

त्या दिवसापासून कुठलाही प्राण्याचा पुतळा हातात आला की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो: घडवणाऱ्याने काय पाहिलं होतं?

दायमाबादच्या कांस्यमूर्तींबद्दल पहिल्यांदा वाचलं तेव्हा हाच प्रश्न मनात होता. १९७४ साली नगर जिल्ह्यात प्रवरेच्या काठी एका माणसाला झुडपाचं बूड खणताना चार वस्तू सापडल्या: बैलजोडी जुंपलेला रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. चारही भरीव, मिळून साठ किलोंच्या वर वजनाच्या. ताम्रपाषाण काळातल्या या मूर्ती सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या मानल्या जातात. गेंड्याला आणि रेड्याला चक्क चाकं आहेत. त्यांचा फोटो पाहिला आणि मी उठून माळ्यावरचा नंदी खाली काढला. चार हजार वर्षांपूर्वी आपल्याच मुलखात कुणीतरी प्राणी ओतून त्याच्या पायाखाली चाकं बसवली होती. तो पूजेसाठी ओढला जात असेल की मुलांसाठी, हे ठरवणं पुरातत्त्वाच्या लोकांचं काम. तो ओढला जावा असं घडवणाऱ्याला वाटलं, मला तेवढं पुरे.

बैल पाहता येतो, गेंडा पाहता येतो. डायनासोर कुणीच पाहिलेला नाही. म्हणूनच डायनासोरच्या बाबतीत "हुबेहूब" हा शब्द मी जपून वापरते. हुबेहूब कुणासारखा? आपल्यापुढे असतात हाडं, तीही मोडकी, आणि क्वचित कातडीचा एखादा ठसा. बाकी सगळा माणसाचा तर्क. तो तर्क प्रामाणिक असला तर पुतळा खरा, असं मी मानते, मग पुढे तो चुकीचा का ठरेना.

याचा सगळ्यात मोठा आणि मला सगळ्यात प्रिय दाखला लंडनच्या सिडनहॅम भागातल्या बागेत उभा आहे. १८५४ साली तिथे क्रिस्टल पॅलेसच्या आवारात डायनासोरचे पहिले पूर्णाकृती पुतळे बसवले गेले. शिल्पकार होते बेंजामिन वॉटरहाउस हॉकिन्स. 'डायनासोर' हा शब्दच तेव्हा जेमतेम बारा वर्षांचा होता; रिचर्ड ओवेन यांनी तो १८४२ साली घडवला होता. ३१ डिसेंबर १८५३ च्या रात्री हॉकिन्सनी इग्वानोडॉन या डायनासोरच्या साच्यात टेबल मांडून शास्त्रज्ञांना जेवण दिलं, हे पुष्कळांना ठाऊक असतं. मला जास्त ओढ त्या इग्वानोडॉनच्या नाकाची आहे. त्याच्या नाकावर गेंड्यासारखं शिंग आहे. सुटं सापडलेलं ते टोकदार हाड कुठे बसवावं हे कळायला मार्ग नव्हता, तेव्हा ते नाकावर गेलं. पुढे १८७८ साली बेल्जियममध्ये बर्निसार येथे, आमच्या वरोऱ्यासारख्याच एका कोळशाच्या खाणीत, इग्वानोडॉनचे अनेक सांगाडे सापडले आणि ते हाड अंगठ्याचं निघालं. हॉकिन्सचा पुतळा मात्र कुणी फोडला नाही, की त्याचं शिंग काढून अंगठ्याला लावलं नाही. आजही तो तसाच उभा आहे, १८५४ साली माणसाला जे माहीत होतं ते अंगावर घेऊन.

माझ्या वरच्या खणात असेच काही आहेत. इन्व्हिक्टा या लेस्टरच्या कंपनीने १९७० च्या दशकात लंडनच्या निसर्गेतिहास संग्रहालयासाठी एकरंगी प्लॅस्टिकचे डायनासोर काढले होते. मास्टरमाइंड हा खुंट्यांचा खेळ काढणारी तीच ही कंपनी. त्यातला टायरॅनोसॉरस एका जुन्या वस्तूंच्या विक्रेत्याकडून मला मिळाला. ताठ उभा, शेपूट जमिनीवर टेकलेली, थकून काठीला रेलून उभ्या असलेल्या पहारेकऱ्यासारखा. खरं तर तोवर शास्त्र पुढे सरकलं होतं. जॉन ऑस्ट्रम यांना १९६४ साली अमेरिकेतल्या मोंटानात डायनोनिकस या शिकारी डायनासोरची हाडं सापडली, १९६९ साली त्यांनी त्याचं वर्णन छापलं. त्याची शेपूट हाडांच्या लांब कांड्यांनी ताठ बांधलेली होती. अशी शेपूट जमिनीवर फरफटत नाही. धावताना तोल सांभाळायला ती मागे आडवी राहते. हा विचार खेळण्याच्या साच्यापर्यंत पोचायला बरीच वर्षं लागली. वरच्या खणातून एकेक खण खाली येत गेलं की शेपट्या हळूहळू जमीन सोडताना दिसतात. पाठ आडवी होते, मान पुढे येते. पुस्तकात हे चार ओळींत वाचता येतं. कपाटापुढे उभं राहून खालपर्यंत नजर नेली की तो बदल अंगात उतरतो, आपलीसुद्धा पाठ नकळत वाकते.

हातांचंही तसंच. जुन्या टी. रेक्सचे, म्हणजे टायरॅनोसॉरसचे, तळवे जमिनीकडे वळलेले असतात. मनगटाची हाडं तसं वळू देत नाहीत. तळवे एकमेकांसमोर हवेत, टाळी वाजवायला घेतल्यासारखे. आता नवा पुतळा घेताना मी आधी मनगट पाहते, मग रंग. ओठांचा वाद ताजा आहे. तोंड मिटलेलं असूनही वरचे सगळे दात बाहेर, असा टी. रेक्स आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे. २०२३ साली एका शोधनिबंधाने मांडलं की त्याचे दात सरड्यासारखे ओठांआड झाकलेले असावेत. माझ्याकडे दोन्ही आहेत, शेजारी शेजारी. ओठवाला पाहताना मला जास्त भीती वाटते. दात दाखवणारं जनावर इशारा तरी देतं.

आणि पिसं. १९९६ साली चीनच्या लिआओनिंग प्रांतातून सायनोसॉरोप्टेरिक्स जगासमोर आला, अंगभर बारीक तंतूंची लव असलेला. २०१० साली त्या तंतूंमधल्या रंगकणांच्या आकारावरून त्याच्या शेपटीवर तांबूस आणि फिकट पट्टे होते हे कळलं. डायनासोरचा खरा रंग! लहानपणापासून ऐकत आले होते की रंग कधीच कळणार नाही. ती बातमी वाचली त्या रात्री मी बराच वेळ जागी होते. माझा सायनोसॉरोप्टेरिक्स बोटभर आहे, शेपटीवर नऊ पट्टे. शेजारी त्याचाच एक जुना, हिरव्या खवल्यांचा भाऊ ठेवलाय. हिरवा फेकून का देत नाहीस, असं भाची विचारते. तिला मी दोघांची पोटं दाखवते.

हयात प्राण्यांचे पुतळे मी कमी घेते, आणि घेतले तर आपल्या रानातले. तिथे माझी नजर फार कडक असते, कारण तिथे सबब चालत नाही. गवा घ्या. ताडोब्यात पहाटे रस्ता ओलांडणारा गवा ज्याने पाहिला त्याला ठाऊक असतं की खांद्यामागून निघालेली पाठीची उंच धार अर्ध्यावर येऊन एकदम तुटते, आणि गुडघ्याखाली पांढरे मोजे असतात. कित्येक पुतळ्यांत ती धार कमरेपर्यंत उतरत जाते आणि गव्याचा काळा बैल होतो. चांगला गवा मिळायला मला सहा वर्षं लागली.

महागाईचं रडगाणं फार गात नाही. २०२३ साली बाहेरच्या खेळण्यांवरचं आयातशुल्क सत्तर टक्के झालं, आणि त्याआधीच आयएसआय खुणेचा नियमही आला होता. एक रेझिनचा मोठा पुतळा मी वर्षभर पैसे साठवून मागवला होता. खोक्यातून तो अकरा तुकड्यांत निघाला आणि विकणाऱ्याने फोन उचलणं बंद केलं. एपॉक्सीने जोडला. मानेवरचा सांधा अजून दिसतो.

आयएसआयवरून आठवलं, आणि खरं तर मला हेच सांगायचं होतं. हेल्मेटवरच्या त्या खुणेशी काही संबंध नसलेली दुसरी एक आयएसआय आहे: कोलकात्याची भारतीय सांख्यिकी संस्था. प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी संख्याशास्त्रासाठी उभारलेल्या या संस्थेत त्यांनी भूशास्त्रालाही जागा दिली, लंडनहून पामेला रॉबिन्सन यांना बोलावून घेतलं, आणि तिथली माणसं गोदावरीच्या खोऱ्यात हाडं शोधत हिंडू लागली. रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीच्या सुमारास त्यांना एक प्रचंड शाकाहारी डायनासोर मिळाला. १९७५ साली त्याचं नाव ठेवलं बारापासॉरस टागोराय. 'बारा पा' हे बंगालीतल्या 'बडो पा'वरून, म्हणजे मोठा पाय.

त्याच संस्थेने १९८४ ते १९८६ दरम्यान चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावातून एक सांगाडा काढला. सोहनलाल जैन आणि सास्वती बंदोपाध्याय यांनी १९९७ साली त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं, २००३ साली त्याला आजचं नाव मिळालं: इसिसॉरस. आयएसआयचा सरडा. भारतात सापडलेल्या टायटॅनोसॉर या अवाढव्य शाकाहारी डायनासोरांच्या गटातल्या सांगाड्यांमध्ये हा सगळ्यात चांगला जपलेला आहे.

१९८४ साली मी सहा वर्षांची होते. आमच्या घरापासून काही कोसांवर माणसं जमिनीतून अठरा मीटरांचं जनावर काढत होती, आणि मी वीतभर नंदी दोरीने ओढत बोजारा मागत होते. हे मला कळलं पस्तिशीत, पुण्यात, एका मराठी मासिकातल्या लेखातून. पुण्यात डायनासोर सापडायचा नाही. इथे पायाखाली लाव्हाचे थरावर थर आहेत. विदर्भाच्या त्या पट्ट्यात लाव्हाखालचे गाळाचे थर उघडे पडलेत, म्हणून तिथे हाडं वर येतात. शाळेत आम्हाला हे कुणी सांगितलं नव्हतं. त्याचं वाईट मला अजून वाटतं.

त्याच भागात पिसदुरा हे गाव आहे. बाबा हिंडते-फिरते होते तेव्हा एकदा आम्ही दोघं गेलो. एका शेतकऱ्याने बांधावरून मुठीएवढा दगड उचलून माझ्या हातात ठेवला. गुळगुळीत, एका टोकाला निमुळता. "हे तं आमच्या वावरात लय भेटते जी," तो म्हणाला. ती डायनासोरच्या काळातली दगड झालेली विष्ठा होती. बाबांनी दोन्ही हातांत घेऊन ती उन्हाकडे धरली आणि मग होती तिथेच ठेवायला सांगितलं. पिसदुऱ्याच्या अशाच गोळ्यांमध्ये लखनौच्या बिरबल साहनी संस्थेच्या वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांना गवताचे सूक्ष्म सिलिकाकण सापडले, किमान पाच प्रकारांच्या गवताचे. २००५ साली ते प्रसिद्ध झालं. तोवर समज असा होता की डायनासोरांच्या काळात गवत नव्हतंच. म्हणूनच जुन्या पुतळ्यांच्या बैठकीवर नेचे असतात, माती असते, गवताचं पातं नसतं.

इसिसॉरस मी पुष्कळ शोधला. दुकानात मला कधी मिळाला नाही. शेवटी दिवाळीनंतर, मूर्तिकारांचे हात मोकळे असतात त्या दिवसांत, मी नागपूरच्या चितार ओळीत गेले. तिथल्या एका वयस्क मूर्तिकारांपुढे कागद पसरले. प्रमाण चाळीसास एक. अठरा मीटरांचे पंचेचाळीस सेंटीमीटर. दंडाचं हाड मुळात एकशे अठ्ठेचाळीस सेंटीमीटर, म्हणजे इथे पावणेचार. त्यांनी आकडे दोनदा वाचून घेतले आणि तारेचा सांगाडा वाकवायला घेतला. मान आखूड आणि वर चढलेली, पुढचे पाय लांब. मी चार वेळा गेले. दुसऱ्या खेपेला पाहिलं तर पुढच्या पायांना त्यांनी सुंदर नखं काढली होती, हत्तीसारखी, पाच-पाच.

"काका, नखं नकोत. पुढच्या पायाला याच्या जातीत नखं नसतात. बोटंही नाहीत, नुसता खांब."

"असा कसा जी पाय?"

मी दुसऱ्या टायटॅनोसॉरच्या पंज्याचं चित्र दाखवलं: उभ्या हाडांचा घोड्याच्या नालेसारखा अर्धगोल, मागून पोकळ. त्यांनी ते बराच वेळ पाहिलं. मग कोरणी घेऊन एकेक नख खरवडून काढलं आणि अंगठ्याने पायाच्या मागच्या बाजूला खोलगट दाब दिला. त्या एका दाबाने तो पाय उभा राहिला. बैठकीसाठी त्यांनी ओली माती चाळणीतून दाबली, खालून बारीक शेवया निघाल्या, त्या सुईने उचलून झुबक्या-झुबक्याने रोवल्या. डोंगरगावच्या डायनासोरच्या पायाखाली पिसदुऱ्याचं गवत.

अडलं ते तोंडाशी. सांगाड्यात कवटी नव्हतीच. पूर्ण कवटी अजून कुणालाच सापडलेली नाही.

"मंग मुंडकं कोणाचं लावायचं, ताई?"

मी म्हटलं, त्याच्या भाऊबंदांचं. दूर देशी सापडलेल्या टायटॅनोसॉरांच्या कवट्यांची चित्रं दिली. लांबट तोंड, पेन्सिलीसारखे दात, नाकपुड्या वर. त्यांनी तसं घडवलं, पण डोळ्यांची आखणी शेवटपर्यंत ठेवली, गणपतीची ठेवतात तशी. रंग सुकलेल्या चिखलात लोळलेल्या म्हशीचा. शेवटच्या दिवशी त्यांनी श्वास रोखून एका बारीक कुंचल्याने डोळा भरला आणि मागे सरून माझ्याकडे पाहिलं. मला बोलता येईना.

मग मी त्यांना पोटाखाली गाव आणि साल कोरायला सांगितलं. ते का, असं त्यांनी विचारलं, तेव्हा हॉकिन्सच्या इग्वानोडॉनची, नाकावरच्या शिंगाची गोष्ट सांगितली. ते कोरणी थांबवून ऐकत राहिले. मूर्ती आडवी केली, मऊ फडक्यावर, आणि ठळक अक्षरांत कोरलं: डोंगरगाव, २०२३. कागदात गुंडाळून माझ्या हातात देताना म्हणाले, "खरं मुंडकं भेटलं का आणजा जी. बदलून देतो."